फोन डब्याला लाव

कॉम्प्युटर बिघडला म्हणून कोणी माझ्या मामाला घरी बोलावलं, तर तो लगेच कधी यायचा नाही. "आधी फोन डब्याला लाव," म्हणायचा.

डबा म्हणजे सीपीयू. त्याच्या मागच्या बाजूला, पंख्याजवळ फोन धरायचा, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. लोकांना हे गप्प बसणंच जड जायचं. कोणीतरी मध्येच "येतंय का ऐकू?" असं विचारायचं आणि मामा पलीकडून खेकसायचा, "तुझंच येतंय. त्याला बोलू दे की जरा!"

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायचा. मामाने तिला फोन डब्याला लावायला सांगितला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "घसा बसलाय त्याचा. पंख्यात मैदा गेलाय. उघड, ब्रशने झाड आणि भट्टीपासून लांब ठेव." तिने झाडला तर पाव भाजता येईल इतकं पीठ निघालं म्हणे. बेकरीवाली बोलण्यात मैदा कमी आणि फुगवटा जास्त घालते हे मला माहीत आहे. पण डबा पुन्हा बंद पडला नाही, हे खरं. तेव्हापासून सगळी गल्ली त्याला कानमामा म्हणायला लागली.

मामा आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. त्याच्या मते वस्तू बदलल्या, पण खोड्या त्याच राहिल्या. "निम्मे आजार भिंतीत असतात," असं तो म्हणायचा. म्हणजे आधी भिंतीतलं बटण बघा, मग पिन, मग वायर, आणि मग माझ्या नावाने शंख करा. त्याच्या कापडी पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, रंगवायचा मऊ ब्रश आणि शाळेतली मुलं वापरतात तसलं खोडरबर असायचं. रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसायची, परत बसवायची आणि बटण दाबून कान द्यायचा. डबा शुद्धीवर आला की आतून एक छोटी पीप वाजते. "मी ठीक आहे, पुढचं बघा," असा तिचा अर्थ. पीप वाजली की मामाचे मिटलेले डोळे उघडायचे. ऐकताना तो नेहमी डोळे मिटायचा.

एका आवाजाला मात्र तो घाबरायचा. तो म्हणजे हार्ड डिस्कची टिकटिक. ज्यात आपले फोटो, कागदपत्रं, सगळं साठवलेलं असतं, ती डिस्क मरायला लागली की आतून नखाने टिचक्या मारल्यासारखी वाजते. फोनवर ती ऐकू आली की मामा ओरडायचा, "बंद कर! आत्ताच्या आत्ता! परत लावशील तर याद राख!" कारण दर वेळी चालू केलं की ती आतून आणखी खरवडली जाते. टिकटिक ऐकली की हात काढायचा, हा त्याचा एकमेव धर्म होता. तो मला लहानपणापासून पाठ आहे.

त्याचं लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं, पण मुलीच्या घरच्या फ्रिजची घरघर ऐकून तो सगळ्यांसमोर बोलून गेला, "हा काही फार दिवस टिकत नाही." फ्रिज टिकला, लग्न मोडलं. ही गोष्ट बाबा त्याच्यासमोर रंगवून सांगायचे आणि मामा सगळ्यांत मोठ्याने हसायचा. तो एका वही-पेनांच्या दुकानाच्या वर एका खोलीत राहायचा आणि जेवायला आमच्याकडे यायचा. आई त्याची मोठी बहीण. मला तो मिरची म्हणायचा. माझ्या नाकावर राग असतो, एवढंच त्याचं कारण.

बाबा रंगाच्या दुकानात कामाला होते. पांढऱ्या रंगात किती प्रकार असतात हे गिऱ्हाइकांना समजावण्यात त्यांची हयात गेली. घरीही तोंड बंद नसायचं. आणि नेमकी त्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननंतर माणूस राहील, आवाज राहणार नाही. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "मेहुण्याला बोलवा. त्याला म्हणावं माइक घेऊन ये. जायच्या आधी बोलून ठेवतो."

मग काही दिवस आतल्या खोलीचं दार लावून बाबा कॉम्प्युटरसमोर बोलत बसायचे. आत फक्त ते आणि मामा. दाराबाहेर एवढंच यायचं, "अगं, ऐकतेस ना?" दर वेळी तीच सुरुवात. आई स्वयंपाकघरातून "हो" म्हणायची. मी म्हटलं, "अगं, ते तुला नाही, माइकला म्हणतायत." ती म्हणाली, "माहीत आहे." पुढच्या वेळी परत "हो" म्हणालीच.

एकदा मी गरम पाणी द्यायला आत गेले. बाबा बोलत होते आणि मामा पडद्याकडे टक लावून बसला होता. आवाज आत जातोय की नाही हे दाखवणारी एक हिरवी पट्टी तिथे वर-खाली होत होती. त्याचे डोळे उघडे होते. मला वाटलं, मिटले तर रडू फुटेल म्हणून उघडे ठेवले असतील. मी पेला ठेवून बाहेर पळाले.

ऑपरेशन झालं. बाबा त्यानंतर वर्षभर होते. पाटीवर लिहून दाखवायचे, हातवारे करायचे, चिडले की टेबलावर चापट मारायचे. मग गेले. आईने ती पाटी पुसून कपाटात ठेवली आणि दुपारची भांडी आवरली की कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. कानाला हेडफोन लावायची आणि डोळे खिडकीकडे. ते तिचं होतं. तिने मला कधी ऐकवलं नाही आणि मीही मागितलं नाही. हेडफोनच्या फटीतून कधी "अगं, ऐकतेस ना" एवढं निसटायचं आणि मी खोलीतून निघून जायचे.

अख्ख्या गल्लीला "दोन प्रती ठेवा, दोन प्रती ठेवा" म्हणून कावून सोडणाऱ्या मामाने बाबांच्या आवाजाची दुसरी प्रत केली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "माझ्या हाताखालचं मशीन आहे ते. त्याला काय होतंय?"

पुढे पुढे मामाच्या काही गोष्टी मला खटकायला लागल्या. आमची बेल तो दाबायचा ती दाबतच राहायचा. मी दार उघडून म्हणायचे, "आग लागलीय का? एकदा वाजवलेली ऐकू येते आम्हाला!" तो नुसता हसायचा. फोन डब्याला लावणंही त्याने बंद केलं. "आजकाल फोनमध्ये दम नाही, येऊनच बघतो," म्हणायचा. घरी गेला की डब्यावर हात सपाट ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. लोकांना वाटलं, कानमामाने नवीन विद्या काढली. मलाही तसंच वाटलं. तो पंख्याची थरथर हाताने चाचपत होता, हे कोणाच्या डोक्यात यायचं? झाकली मूठ त्याने चांगली घट्ट धरली होती.

एका सकाळी आईचा कॉम्प्युटर सुरू होता होता कंपनीच्या चिन्हावर अडकला आणि पुढे जाईना. मामा आला. मी कामावर जायला निघतच होते. "जा तू, मिरची. मी आहे," तो म्हणाला आणि पिशवीतून खोडरबर काढलं. आई त्याच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसली. मी निश्चिंत मनाने गेले.

संध्याकाळी आले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मामा जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि भोवती वर्तमानपत्रावर सगळे सुटे भाग मांडलेले होते. सकाळपासून तो उठलाच नव्हता. कपाळावर घाम, शर्टाला धूळ.

"पीपच येत नाहीये गं," तो म्हणाला. "रॅम बदलली, सप्लाय बदलला, बॅटरी बदलली. हे बघ, परत लावतो."

त्याने बटण दाबलं. पंखा फिरला. पीप वाजली. अगदी स्वच्छ, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतकी.

"बघ," मामा म्हणाला. "काही नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. थट्टा करतोय असंच आधी वाटलं. मग पंख्याच्या आवाजाखालून ते ऐकू आलं. टिक. टिक. टिक. मामाचं बोट परत बटणाकडे निघालं होतं. मी धावत जाऊन भिंतीतलं बटणच बंद केलं.

"काय गं?" तो चिडून म्हणाला. मग त्याने माझा चेहरा पाहिला.

"मामा, पीप वाजली."

"कधी?"

"आत्ता. तू काही नाही म्हणालास तेव्हा." आवाज खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही. "आणि टिकटिक वाजतेय. डिस्क टिकटिक करतेय, मामा! तुला ऐकू येत नाही का?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. सरळ ओठांकडे. माझ्या डोळ्यांसमोर त्याने शब्द गोळा करून त्यांचा अर्थ लावला. मग आईकडे वळला.

"ताई, कधीपासून?"

आईने दोन्ही हातांनी पदर पिळला होता. "सकाळपासून," ती म्हणाली.

मामाने डब्यावर हात ठेवला. डबा बंद होता, तरी ठेवला. जरा वेळाने एकेक भाग उचलून पिशवीत भरायला लागला. खोडरबर स्टुलाखाली गेलं होतं, ते मी काढून दिलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "सकाळीच थांबलो असतो तर आवाज काढून देता आला असता, ताई. सकाळी होता तो." आई म्हणाली, "जेवून जा." त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो जिना उतरला.

तो गेल्यावर मी आईवर तुटून पडले. "तुला ऐकू येत होतं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले एकदा. वायर लागत असेल पंख्याला, म्हणाला."

"एकदाच? दिवसभरात एकदाच?"

"दुसऱ्यांदा बोलले असते तर त्याला कळलं असतं, की मला कळलंय." ती हळू बोलत होती. "दोन-तीन वर्षं झाली गं. डाव्या कानाने तर काहीच येत नाही त्याला. म्हणून मी उजवीकडे बसते."

"आणि तुझ्या भावाची लाज राखायला बाबांचा आवाज घालवलास?"

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. आई रागावली नाही. "मला कुठे माहीत होतं इतकं होईल," ती म्हणाली. "वाटलं, त्याचा हात लागलाय, होईल नीट. तो आयुष्यभर त्या कानांवर जगला. ते गेले असं त्याच्या तोंडावर मी सांगायचं? मी?" मग ती रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. मला दोघांचाही राग आला होता. तो ओसरल्यावर नुसतं दुःख उरलं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. राग निदान कोणावर तरी काढता येतो.

डिस्क आम्ही दुसऱ्या शहरात, असली कामं करणाऱ्यांकडे पाठवली. ती परत आली. आतल्या तबकड्या खरवडल्या गेल्यात, काही निघणार नाही, असं त्यांनी कळवलं. आईने ती डिस्क फडक्यात गुंडाळून बाबांच्या पाटीशेजारी ठेवली.

मामाने काम सोडलं. बेकरीवाली बोलवायला गेली तेव्हा तिला म्हणाला, "आता दुसरा बघ." तिने आग्रह केला तर दार लावून घेतलं. कानाचं यंत्र आणलं, तेही टेबलावर पडून राहिलं. "त्याने आवाज मोठा होतो, पण कोणाचा ते ओळखू येत नाही," म्हणाला. जेवायला येणंही त्याने बंद केलं. आई डबा भरून द्यायची आणि मी नेऊन ठेवायचे. त्याची खोली पूर्वी कशी घुमायची, एक रेडिओ चालू, एक पंखा उघडून ठेवलेला, कुठेतरी काहीतरी गुणगुणत असायचं. आता तिथे काहीच चालू नसायचं. लावून तरी काय उपयोग होता? मी समोर बसायचे, मोठ्याने चार गोष्टी सांगायचे, आणि घशाला कोरड पडली की उठायचे.

मग एका दुपारी, आईची भांडी आवरायच्या वेळेला, बेल वाजायला लागली. वाजतच राहिली. मी घरीच होते. दार उघडलं तर मामा उभा. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, हातात पिशवी नाही.

"ताई," तो आत येत म्हणाला, "मला सगळं आठवतंय. रेकॉर्डिंग करताना मी समोरच होतो ना. शब्द न् शब्द आठवतोय. तुला सांगतो."

आई त्याच्यासमोर बसली. मामाने क्षणभर डोळे मिटले आणि सुरुवात केली, "अगं, ऐकतेस ना?"

"हो," आई म्हणाली.

त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे मध्येच फार मोठा व्हायचा, मध्येच पार बुडायचा. "तुझ्यासारखी बायको मिळाली, म्हणून माझा संसार झाला. मी कधी बोललो नाही, पण मला सगळं कळत होतं. तू माझ्यासाठी किती केलंस ते मला माहीत आहे. मी नसलो तरी रडत बसू नकोस. पोरीला सांभाळ. मी सुखात जातोय." मध्येच त्याने बाबांसारखं खाकरून दाखवलं. ते मात्र हुबेहूब होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बाबा हे सगळं बोलले होते तर! ते अनमोल शब्द आम्ही घालवून बसलो होतो!

आई त्याच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती. प्रत्येक वाक्याला.

"बरोबर आहे ना, ताई?" शेवटी त्याने विचारलं. "असंच होतं ना?"

आईने मोठ्याने, ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "असंच होतं." आणि पुन्हा मान हलवली.

कित्येक महिन्यांनी मामाच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. त्याने चहा घेतला आणि आमच्या फ्रिजवर हात ठेवून म्हणाला, "हा मात्र टिकणार बरं का." निघताना म्हणाला, "आणखी खूप आहे. उद्या पुढचं सांगतो."

तो जिना उतरल्यावर मी आईजवळ बसले. "बाबा इतकं सगळं बोलले होते, तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

आईने कप उचलले. "त्यातलं एकही वाक्य तुझ्या बाबांचं नव्हतं."

"म्हणजे?"

"गच्चीवरच्या टाकीचा कॉक डावीकडे फिरतो, तू दर वेळी उजवीकडे फिरवतेस. कपाटाची दुसरी किल्ली घड्याळाच्या मागे आहे. बाहेरच्या भिंतीला साधा पांढरा देऊ नका, दुकानदार काही म्हणू दे. असलंच सगळं होतं. मला पाठ आहे." ती थोडं हसली. "संसार झाला, सुखात जातोय, हे तुझे बाबा जन्मात बोलले असते का?"

"मग मामा खोटं बोलला?"

"त्याला तेव्हाच ऐकू येत नव्हतं गं. तो ती हिरवी पट्टी बघत बसायचा."

मला त्याचे ते उघडे डोळे आठवले. बाबांचा आवाज जाण्याच्या आधीच्या त्या दिवसांत, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून, मामाने त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. आता रात्री पडून त्याने एकेक वाक्य बनवलं असेल. आपल्या बहिणीला तिचा नवरा काय म्हणाला असता तर बरं वाटलं असतं, याचा विचार करून.

"मग तू मान का हलवलीस?" मी विचारलं.

"मग काय करू?"

आईने कप विसळले आणि पालथे घातले.

"उद्या येणार म्हणालाय," ती म्हणाली. "दुपारी दार उघडंच ठेवत जा. बेल वाजली की नाही, ते त्याला बाहेर कळत नाही."